घाटमाथ्यावरचा कॅमेरा

मावळ तालुक्यातील कुरवंडे हे गाव सह्याद्रीच्या अगदी धारेवर वसलेले आहे. लोणावळ्याहून निघालेला रस्ता नौदलाच्या आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण केंद्राच्या बाजूने गावापर्यंत येतो, आणि गावाच्या पश्चिमेला काळ्या बसाल्टचा कडा शेकडो मीटर खाली कोकणात उतरतो. इंग्रजी अमदानीत वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकावरून ‘ड्यूक्स नोज’ म्हणून ओळखले जाऊ लागलेले नागफणीचे टोकही याच परिसरात आहे. पावसाळ्यात येथे असंख्य छायाचित्रे घेतली जातात. परंतु त्यांतील बहुतेकांत पांढरे धुके, हिरवा उतार आणि कोणत्याही घाटमाथ्यावरची असू शकेल अशी दरी एवढेच दिसते. चित्रातील जागा कुरवंडेच आहे हे ओळखू यावे असे वाटत असेल, तर कड्याचे आणि त्याच्या आधाराने राहणाऱ्या, त्यावरून चढउतार करणाऱ्या माणसांचे नाते चौकटीत यावे लागते.

हे नाते फार जुने आहे. देश आणि कोकण यांना जोडणारा कुरवंडे घाट येथूनच खाली चावणीकडे उतरतो. शाहिस्तेखानाने पाठवलेला मुघल सरदार कारतलबखान, सोबत सरदारीण रायबाघन हिला घेऊन, याच वाटेने कोकणात उतरला आणि फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या फौजेला उंबरखिंडीत कोंडीत पकडले. वरून नुसते सुंदर भासणारे दाट रान आणि अरुंद खिंड एवढ्या मोठ्या फौजेला कशी जाचक ठरली असेल, हे एखाद्या चित्रातून कळायचे असेल तर त्यात उतरत जाणारी पाऊलवाट आणि तिच्या दोन्ही अंगांचा चढ एकत्र दिसायला हवा. केवळ क्षितिजाचे चित्र ही गोष्ट सांगू शकत नाही.

शेजारच्या बोरघाटात कॅमेरा फार लवकर पोहोचला होता. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या आरंभीच्या काळातील नामवंत छायाचित्रकारांपैकी एक होते. 1863 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम सॉलोमन ट्रेडवेल यांनी 1859 मध्ये कंत्राटाने घेतले, परंतु लवकरच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी अभियंत्यांच्या मदतीने ते पुढे नेले; घाटातील बांधकामाची छायाचित्रेही त्यांनी घेतली. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे, म्हणजे अंधारखोलीचा तंबू बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नसे. एवढे कष्ट पडत असल्याने कॅमेरा कोठे ठेवायचा याचा निर्णय विचारपूर्वकच घ्यावा लागे, आणि आजच्या प्रवाशाने त्या पद्धतीतून घेण्याजोगी गोष्ट नेमकी हीच आहे.

हा निर्णय मुख्यतः प्रकाशावर अवलंबून असतो. कुरवंड्याचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा असल्यामुळे सकाळी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी, मावळाच्या बाजूला असतो. कडा आणि त्याखालची दरी बराच वेळ सावलीत राहते, तर दूरचे कोकणातील डोंगर आधी उजळतात. संध्याकाळी उलट घडते. तेव्हा माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिल्यास सूर्य समोर येतो आणि डोंगरांच्या काळ्या कडाच उरतात, परंतु बाजूच्या सोंडेवरून नागफणीकडे पाहिल्यास तिरपा प्रकाश खडकावरील आडवे थर उठावदार करतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून गोठलेल्या लाव्हाचे ते थर असल्याने या चित्राला भूगर्भशास्त्रीय अर्थही लाभतो.

धुक्यात कॅमेरा हमखास फसतो, कारण समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो आणि पांढरे धुके मळकट करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतलेल्या प्रकाशाचे प्रमाण, सुमारे एका टप्प्याने वाढवावे. मोबाइलवर पडद्याला स्पर्श करून दिसणारे सूर्याचे चिन्ह वर सरकवले की हेच साधते. धुक्यात अंतराचा अंदाज हरवतो, म्हणून जवळचे एखादे झाड किंवा दगडी बांध चौकटीत असणे फार उपयोगी पडते. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर या फिरत्या काचेने कमी होते आणि हिरवा रंग खरा दिसतो. थंड गाडीतून दमट हवेत बाहेर काढलेल्या भिंगावर लगेच बाष्प धरते, तेव्हा कॅमेरा काही वेळ पिशवीतच राहू द्यावा. ओलावा टिकून राहिला तर भिंगावर बुरशी चढते. पावसाने धूळ धुऊन निघालेली, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील उघडीप दूरच्या दृश्यांसाठी सर्वोत्तम असते.

मावळच्या भाताची चित्रे मात्र उघडिपीची वाट पाहून मिळत नाहीत. जुलैमध्ये चिखलणी आणि लावणी सुरू असते, आणि प्लास्टिकचा कागद पांघरून वाकलेल्या बायाबापड्या हातातल्या रोपांची ओळ पुढे नेत असतात. येथे बांधावर उभे राहून दुरून भिंग रोखणे अशोभनीय आहे. आधी बोलावे, विचारावे, रोपांवर पाय पडू देऊ नये आणि नकार मिळाला तर कॅमेरा खाली ठेवावा. परवानगीनंतर घेतलेल्या चित्रात लोक ताठर होतात ही तक्रार थोडा वेळ थांबले की बहुधा उरत नाही, कारण लावणी थांबत नसते.

 

कुरवंड्यात काही बाबतींत मात्र पूर्ण बंदी पाळावी लागते. संरक्षण केंद्राचे चित्रण करू नये आणि ड्रोन उडवण्यापूर्वी 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ती जागा कोणत्या क्षेत्रात येते हे तपासावे. कड्याच्या टोकावर मागे सरकत सेल्फी घेऊ नये, वाहत्या पाण्यात उतरू नये. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते क्षणार्धात वाढलेल्या पाण्यामुळे.

खंडाळा-लोणावळ्याचा हा डोंगर वेगाने बदलतो आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’ या नव्या जोडमार्गासाठी त्यातून बोगदे खणले गेले आणि दरीवर पूल उभारण्यात आला. त्यामुळे प्रत्येक चित्राबरोबर गावाचे नाव, महिना, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते. एवढी नोंद असली, तर दहा वर्षांनी दुसऱ्या कोणालाही त्याच जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपता येते आणि कोणते खाचर बुजले, कोणती वाट उरली, हे दोन चित्रे शेजारी ठेवून तपासता येते.