पडद्यावरची साम्राज्ये (भाग ७) : नाराजीचं वजन

गेल्या आठवड्यात आपलं आरमार शेजारच्या सूर्यमालेत उतरलं आणि पहिला परका ग्रह ताब्यात आला. पण ग्रह रिकामा नाही. तिथे आधीपासून एक प्रजाती नांदते आहे, आणि ‘स्टेलारिस’ हा संगणकीय खेळ आता एक तक्ता उघडून विचारतो : यांना दर्जा कोणता द्यायचा? पूर्ण नागरिक, दुय्यम रहिवासी, की गुलाम?

मोहोपाड्यात कंपनीतली पाळी संपवून रात्री लॅपटॉप उघडणारी पोरं या तक्त्यापाशी फार रेंगाळत नाहीत. राज्य हुकूमशाही किंवा परकीयद्वेष्ट्या विचारसरणीचं असेल तर गुलामीची मुभा आहे. समतावादी राज्याला ती नाही. मुभा असली की सरळ ‘गुलाम’ निवडायचं. आकडेच तसे आहेत. शेतीत आणि खाणीत गुलामाचं उत्पादन जास्त, त्याच्यावर होणारा खर्च कमी. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सने २०१६ च्या मे महिन्यात हा खेळ बाजारात आणला आणि पुढच्या आवृत्त्यांत गुलामीचे प्रकारही वाढवले : निव्वळ मालमत्ता असलेले, कराराने बांधलेले, घरकामाचे, लढाईला पाठवायचे. एका प्रकारात तर अख्खी प्रजाती अन्न म्हणूनच पाळतात. २०१८ मध्ये गुलामांचा बाजारही आला. नेमके टक्के दर आवृत्तीला बदलतात, म्हणून ते इथे देत नाही. समजून घ्यायची आहे ती त्यामागची रचना.

ग्रहावर ‘स्थैर्य’ नावाचा एक आकडा असतो. तो पन्नासच्या वर गेला की उत्पादन वाढतं, खाली आला की घटतं, आणि पंचविसाच्या खाली गेला की बंडाची शक्यता. स्थैर्य ठरतं लोकांच्या समाधानावरून. पण सगळ्यांचं समाधान सारखं मोजत नाहीत. प्रत्येकाला राजकीय वजन असतं. सत्ताधाऱ्याचं भारी, कारागिराचं मध्यम, गुलामाचं जवळपास शून्य. म्हणजे ग्रहावरचे निम्मे लोक हवालदिल असले तरी वरचे मूठभर खूश असतील तर आकडा हिरवाच राहतो. नाराज लोकांमुळे गुन्हेगारी थोडी वाढते, तेवढ्यापुरते पोलीस वाढवायचे. आणि तेही जड जात असेल तर जनुकीय बदल करून प्रजातीची नाराज होण्याची क्षमताच काढून टाकायची सोय आहे. मुरलेला खेळाडू अत्याचाराच्या आनंदापायी गुलाम करत नाही. वजन नसलेल्यांची नाराजी हिशेबात धरावी लागत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं.

हा हिशेब आपल्या खालापूर तालुक्याला नवा नाही. कर्जत-खालापूरचे कातकरी आदिवासी पूर्वी खैरापासून कात काढून जगत. १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव झालं, कात गेला, जमीन तर नावावर नव्हतीच. मग उरली मजुरी : कोळशाच्या भट्ट्या, आणि नवी मुंबई उभी राहू लागली तशा पनवेल-पेण-खालापूर पट्ट्यात वाढलेल्या वीटभट्ट्या. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स स्थापन झाली, तिचा कारखाना रसायनीला आला, पुढे पाताळगंगेची औद्योगिक वसाहत झाली; त्या गेटातून आत जाणाऱ्यांत कातकरी क्वचितच दिसले.

वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतरचा, पण व्यवहार सुरू होतो भर पावसात. घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम वाडीवर येतो आणि बयाणा देतो. लग्न, आजारपण, गणपती, कारण कोणतंही. हंगामात नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात. गडी चिखल मळतो, बाई साच्यात गारा भरते, पोरं ओळीतल्या ओल्या विटा उलट्या करतात. दर हजार विटांमागे. बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, तेल-मीठ-तांदूळ येईल एवढीच. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या तर त्यांचा चिखल पुन्हा तीच जोडी मळते, आणि गेलेले श्रम बहुतेकदा वहीत येत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस मालकाची वही उघडते. बयाणा, खर्ची, औषधपाणी वजा जाऊन पुष्कळदा हातात काहीच येत नाही, उलट काही शिल्लक अंगावर निघते. ती पुढच्या वर्षी फेडायची, म्हणजे पुन्हा त्याच भट्टीवर.

खेळ इथे कमी पडतो, असं मला वाटतं. खेळात गुलामी हा कायद्याने दिलेला दर्जा आहे, एका कळीने बदलतो. इथे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती पद्धतच रद्द झाली, १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणं हीदेखील सक्तीची मजुरी ठरवली, आणि तरीही पहारेकरी, साखळी, कुंपण काही न ठेवता एक वही पुरते. खर्चाच्या बाजूने पाहिलं तर पडद्यावरच्या कोणत्याही साम्राज्यापेक्षा ही व्यवस्था स्वस्त. पोलीसही वाढवावे लागत नाहीत. वजनाचं म्हणाल, तर डिसेंबर ते मे घराला कुलूप असलेल्या माणसाच्या पोराची शाळा आणि त्याचं मत, दोन्ही वाडीवरच राहतात.

स्थैर्याचा आकडा कोसळतो कसा, याचं उदाहरण मात्र जवळच आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ ला झरी इथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या परिषदेत वारली आदिवासींनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गवत कापणीचा संप झाला. मागणी : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. गवत तयार झालेलं, व्यापाऱ्याला ते वेळेत हवं, आणि कापायला माणूस नाही. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण गेले. तरी वेठ परतली नाही. राजकीय वजन शून्य असलेल्यांनी ते मिळवलं हंगामाच्या ऐन दिवसांत हात बांधून. ‘स्टेलारिस’मध्ये गुलामाला संप करता येत नाही, थेट बंडच करावं लागतं. रचनेतली ही मोठीच त्रुटी म्हणायची.

आता खेळाडूंसाठी कामाची गोष्ट. निव्वळ मालमत्ता असलेला गुलाम शेतात आणि खाणीत चालतो. संशोधक, धातुतज्ज्ञ होऊ शकत नाही. सुरुवातीला खनिजं भरभरून येतात, पण खेळ निम्म्यावर आला की तंत्रज्ञान मागे पडतं आणि समतावादी शेजारी पुढे निघून जातो. म्हणून त्या टप्प्यावर निदान कराराने बांधलेल्यांचा प्रकार तरी निवडा, त्यांना वरची बरीच कामं चालतात. बाजारातून गुलाम विकत घेऊन मुक्त करण्याचाही पर्याय आहे. मुक्त झाला की तो त्याच क्षणी नागरिक.

आपल्याकडे मुक्त मजुराला मुक्तीचा दाखला मिळतो. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली. तोपर्यंत तातडीची मदत, २०२१ च्या सुधारित योजनेनुसार, तीस हजारांपर्यंत. खटला चालू असतानाच आणखी एक पावसाळा येतो, आणि त्या तीस हजारांत तो निघाला नाही तर बयाणा घेऊन मुकादम वाडीवर हजर असतो.

पुढच्या भागात : गुलामांऐवजी यंत्रमानव नेमले तर खर्चाचं गणित कसं बदलतं.