गोल्फमधला 'स्क्रॅम्बल' : फायदे आणि तोटे

गोल्फ म्हणजे एकट्याचा खेळ असं आपण समजतो. येरवड्याला पूना गोल्फ क्लबचं 18 होलचं मैदान आहे, पण आपल्या शिरगावची मुलं हा खेळ टीव्हीवरच बघतात. त्यातला 'स्क्रॅम्बल' हा सांघिक प्रकार मात्र समजून घेण्यासारखा आहे.

संघात दोन किंवा चार जण असतात. सगळे एकेक फटका मारतात. सर्वांत चांगला पडलेला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच मारायचा. चेंडू होलमध्ये जाईपर्यंत हेच. संघाचा स्कोअर एकच.

नवख्याचा चेंडू झाडीत गेला तरी संघाचं बिघडत नाही, म्हणून तो न घाबरता मारतो. अमेरिकेतल्या पीएनसी चॅम्पियनशिपमध्ये हाच प्रकार असतो. 2020 साली टायगर वूड्स 11 वर्षांच्या चार्लीला घेऊन तिथे खेळला. मुलाचा चेंडू चांगला पडला, तर एवढ्या मोठ्या बापानेही तिथूनच मारायचं!

तोटा आपल्या गटकार्यासारखाच. एकच हुशार गडी सगळं ओढतो, बाकीचे नुसते मारत राहतात. अवघड जागेतून चेंडू काढायची सवय होत नाही. संघाच्या स्कोअरवरून एकेकाचा खेळही कळत नाही. प्रगतिपत्रकावर गटाचे गुण लिहिल्यासारखंच ते. म्हणून पुष्कळ स्पर्धांत नियम असतो : प्रत्येकाचा सुरुवातीचा फटका ठरावीक वेळा निवडायलाच हवा. मला हा नियम फार आवडतो. चौथीला गटात प्रकल्प देताना मीही सांगते, तक्त्यावर प्रत्येकाचं एक तरी वाक्य किंवा चित्र हवंच.