साकळलेले रक्त आणि जुळवलेले काढे

गेल्या वर्षी पुतण्याने सिंगापूरहून दोन डब्या आणल्या, माझ्या थोरल्या भावासाठी. दादांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्यामुळे रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी रोज आणि आयएनआरची तपासणी दर महिन्याला. डब्यांतली औषधे 'रक्त वाहते ठेवणारी' होती, झाडपाल्याची होती. मग अपाय कसला, असे घरात सगळ्यांनाच वाटले. मलाही. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त थांबेना. दादांचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान असायला हवा, तो ६.२ निघाला. चार दिवस रुग्णालयात काढून दादा घरी आले आणि डब्या माझ्या टेबलावर आल्या.

औषधशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. इंग्रजी भाषांतरे आणि शेजारी चिनी कोश, एवढ्यावर गेले वर्षभर वाचत आलो. सुरुवात मात्र ओळखीच्या खुणेने झाली. डबीवरच्या लॅटिन नावांत कार्थॅमस टिंक्टोरियस दिसले. म्हणजे आपली करडई! सोलापूर-मराठवाड्याच्या रब्बीत उभी असणारी, तेलाची आणि पालेभाजीची करडई. तिच्या वाळलेल्या पाकळ्यांना चिनी वैद्य 'होंग हुआ', म्हणजे लाल फूल, म्हणतात आणि साकळलेले रक्त हलवण्यासाठी वापरतात.

साकळणे म्हणजे काय?

चिनी वैद्यकात 'यू श्वे' नावाची संकल्पना आहे. मराठीत तिला नेमका शब्द आहे: साकळलेले रक्त. मुका मार लागल्यावर कातडीखाली काळेनिळे होते, तेच शरीरात आत, न दिसणाऱ्या जागी घडते अशी ही कल्पना. तिची लक्षणे ठरलेली आहेत. एकाच जागी टोचल्यासारखे आणि रात्री वाढणारे दुखणे, जांभळट किंवा डाग पडलेली जीभ, पाळीत काळसर गाठी. आधुनिक वैद्यकातली रक्ताची गुठळी आणि हे साकळणे एकच नव्हे. गुठळी तपासणीत दिसते. साकळणे लक्षणांच्या जुळणीवरून ठरते. दोन्हींना एक समजणे ही आमच्या घरातली पहिली चूक.

सहा अधिक चार बरोबर नऊ

पहिल्या डबीत होता 'श्वे फू झू यू तांग', म्हणजे 'रक्ताच्या कोठारातला साकळा हटवणारा काढा', कॅप्सूलच्या रूपात. त्याचा कर्ता वांग छिंगरेन (१७६८–१८३१). १७९७ मध्ये लुआनझोउ भागात साथीने मुले पटापट दगावत होती. चटयांत गुंडाळून उथळ पुरलेली प्रेते कुत्री उकरत. वांग दहा दिवस रोज पहाटे तिथे जाऊन ती उघडी पडलेली शरीरे न्याहाळत राहिला. जुन्या ग्रंथांतल्या आकृत्या चुकीच्या आहेत, ही त्याची खात्री तिथे पटली. त्याचे 'यी लिन गाय त्सुओ' हे पुस्तक १८३० मध्ये निघाले. नावाचा अर्थच 'वैद्यकाच्या रानातल्या चुकांची दुरुस्ती'.

दुरुस्ती करता करता वांगही चुकला. प्रेतांच्या धमन्या रिकाम्या दिसल्या म्हणून त्याने त्या वायूच्या नळ्या मानल्या. छातीत पडद्यावर साठलेले रक्त पाहून तिथे रक्ताचे कोठार असते असे ठरवले. काढ्याला नाव मिळाले ते या चुकीच्या कोठाराचे. मग ज्याचा पायाच चुकला तो काढा आजवर टिकला कसा?

उत्तर काढ्याच्या बांधणीत सापडते. नंतरच्या अभ्यासकांनी त्याची उकल केली, तेव्हा आत दोन जुने काढे निघाले. एक 'थाओ होंग स वू तांग'. डांग ग्वी, च्वान श्योंग, पिओनीचे मूळ आणि रेहमानियाचे मूळ हा रक्ताचा जुना चौरस काढा. त्यात पीचच्या बियांचा गर आणि करडईची फुले घातली की सहा द्रव्ये होतात. दुसरा 'स नी सान', सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंगच्या ग्रंथातला. त्यात छाय हू, कडू संत्रे, पिओनी आणि ज्येष्ठमध अशी चार द्रव्ये. पहिला रक्त हलवतो, दुसरा कोंडलेली 'छी' मोकळी करतो. छी म्हणजे ढोबळमानाने शरीरातली चालना. ती अडली की रक्तही अडते, म्हणून दोन्ही एकत्र.

सहा आणि चार मिळून दहा व्हावेत. पण पिओनी दोन्हींत आहे आणि ती एकदाच धरायची. राहिली नऊ. शिवाय पांढऱ्या पिओनीऐवजी लाल, शिजवलेल्या रेहमानियाऐवजी कच्चा, कोवळ्या कडू संत्र्याऐवजी वाढलेल्या फळाची साल. पौष्टिक आणि तीव्र बाजू कमी करून वाहतेपणा वाढवणारे हे बदल आहेत. शेवटी दोन नवी द्रव्ये. 'ज्ये गंग' औषधाचा रोख वर नेते, तर 'न्यू शी' रक्ताला खाली उतरवते. न्यू शी हे आपल्या आघाड्याच्याच प्रजातीतले झाड. नऊ आणि दोन, अकरा. मात्राही सारख्या नाहीत: पीचचा गर ४ छियेन, करडई ३, छाय हू जेमतेम १.

हा हिशेब वांगने शोधलेला नाही. झांग झोंगजिंगच्याच ग्रंथात सात द्रव्यांचा 'श्याओ छाय हू तांग' आणि पाच द्रव्यांचा 'ग्वी झी तांग' एकत्र करून 'छाय हू ग्वी झी तांग' होतो, आणि त्यात द्रव्ये नऊच. आले, खजुरासारखी चिनी बोरे आणि ज्येष्ठमध दोन्हींत असल्याने एकदाच येतात. मात्राही साधारण निम्म्या केल्या जातात. चिनी वैद्यकात दोन काढे एकत्र करणे म्हणजे दोन पुड्या एका पेल्यात ओतणे नव्हे. आधी वजाबाकी, मग बदल, मग नवी भर.

साकळण्याचे कारण

कोणते काढे जुळवायचे हे कारण ठरवते. वांगचाच दुसरा काढा, 'बू यांग हुआन वू तांग', पक्षाघातानंतरच्या अर्धांगासाठी आहे. त्यात रक्त हलवणारी सहा द्रव्ये मिळून साडेसात छियेन भरतात आणि ताकद देणारे 'हुआंग छी' एकटे ४० छियेन! इथे वाटेत अडथळा नाही, ढकलणारे बळच संपले आहे, असे वांगचे निदान. कालव्यात गाळ दोन कारणांनी बसतो: मध्ये बांध पडला म्हणून, किंवा पाण्याचा जोरच ओसरला म्हणून. उपाय एक कसा असेल?

१९७० च्या दशकात बीजिंगच्या शीयुआन रुग्णालयात ग्वो शीख्वे आणि चेन केजी यांनी हृदयविकारासाठी पाच द्रव्यांचे 'ग्वान शिन क्रमांक २' वापरले: दान शेन, लाल पिओनी, च्वान श्योंग, करडई आणि सुगंधी लाकूड 'ज्यांग श्यांग'. २००३ मध्ये चेन यांच्या साकळलेल्या रक्तावरील संशोधनाला चीनचा राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान प्रगती पुरस्कार, पहिल्या श्रेणीचा, मिळाला. हा अभ्यास गंभीरपणे झाला आहे. तरीही या क्षेत्रातल्या अनेक चाचण्या लहान आणि ढिसाळ आखणीच्या आहेत, असे चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणारे वारंवार सांगतात. परंपरा जुनी असणे हा पुरावा नव्हे. तपासून पाहण्याचे ते कारण मात्र आहे.

जुळवले कुणी?

आता दुसरी डबी. तिच्यात दान शेन, 'सान छी' आणि भीमसेनी कापरासारखे 'बिंग फ्येन' होते. दान शेनमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी १९९० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पहिल्या डबीतल्या डांग ग्वीबद्दलही तशी नोंद आहे. म्हणजे दादा रोज एक गोळी, अकरा द्रव्ये आणि वर तीन द्रव्ये घेत होते. गोळी डॉक्टरांनी दिलेली, एक डबी दुकानदाराने सुचवलेली, दुसरी कुणा ओळखीच्याने. प्रत्येकाने आपापले औषध दिले. तिन्ही एकत्र कुणीच जुळवली नव्हती. वजाबाकी कुणी केलीच नाही.

चिनी परंपरेला हा धोका परका नाही. 'अठरा विरोध' नावाची पाठ करायची पद्यरूप यादी सुमारे ८०० वर्षांपूर्वीपासून चालत आली आहे. 'ली लू' या विषारी मुळाबरोबर दान शेन नको, पिओनीही नको, असे ती बजावते. गरोदरपणात आणि अतिरक्तस्रावात साकळा हलवणारे काढे देऊ नयेत, असेही वैद्य सांगतात. त्या यादीत वॉरफरिन अर्थातच नाही. जुन्या वैद्यांनी आपल्या काळातली द्रव्ये एकमेकांशी ताडून पाहिली होती. आपल्या काळातली ताडून पाहण्याचे काम आपले आहे, आणि ते वैद्य व डॉक्टर दोघांसमोर एकच कागद ठेवल्याशिवाय होणार नाही.

दादांच्या स्वयंपाकघरात फळीच्या आतल्या बाजूला वहिनींनी आता तो कागद चिकटवला आहे. गोळ्या, काढे, चूर्णे, कुणी प्रेमाने आणून दिलेल्या बाटल्या, सगळे त्यावर मात्रेसह लिहिलेले. महिन्याच्या तपासणीला दादा त्याची नक्कल खिशात घालून जातात. नवे काही घरात आले की आधी कागदावर चढते. डॉक्टरांनी पाहिल्यावर मगच ताटाशेजारी येते. डब्या अजून माझ्या टेबलावरच आहेत. करडईची भाजी मात्र दादा आवडीने खातात. तीही त्या कागदावर आहे, कारण पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाचा वॉरफरिनशी उलटा संबंध आहे. डॉक्टरांनी ती बंद केलेली नाही. खाण्याचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवा, एवढेच सांगितले आहे.