प्रॉडक्शन डेटाबेसचा क्लोन काही सेकंदांत कसा तयार होतो?

तुम्ही रिचार्ज करता, जेवण ऑर्डर करता, तिकीट काढता, तेव्हा तुमचं नाव, मोबाईल नंबर आणि पत्ता त्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये साठवला जातो. ॲप ज्या डेटाबेसवर खरोखर चालतं, त्याला प्रॉडक्शन डेटाबेस म्हणतात. नवीन फीचर तपासायला आम्हा इंजिनिअर लोकांना अगदी तसाच डेटा लागतो. हाताने भरलेल्या शंभर खोट्या नोंदींवर सगळंच छान चालतं. खऱ्या डेटात मात्र कुणी आडनावच भरलेलं नसतं, कुणाच्या पत्त्यात इमोजी असतो, आणि शंभर नोंदींवर चुटकीसरशी येणारं उत्तर पाच कोटी नोंदींवर मिनिटभर येतच नाही. म्हणून प्रॉडक्शनची कॉपी हवी असते.

आता हिशोब करा. डेटाबेस २ टीबीचा आहे आणि सेकंदाला २०० एमबी वेगाने कॉपी होतेय. तरी पावणेतीन तास गेले. पाच जणांना स्वतंत्र कॉपी द्यायची तर १० टीबी जागाही हवी. स्टोरेज स्नॅपशॉटने हेच काम काही सेकंदांत होतं, आणि सुरुवातीला जागा जवळपास लागतच नाही.

यात जादू काही नाही. सुट्या पानांची एक फाईल आहे आणि कुठलं पान कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका आहे, असं समजा. स्नॅपशॉट घेताना पानांची झेरॉक्स काढत नाहीत, फक्त अनुक्रमणिका जपून ठेवतात. पुढे कुणाला एखादं पान बदलायचं असेल तर जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही. नवीन पान लिहायचं आणि चालू अनुक्रमणिकेत त्याचा पत्ता टाकायचा. जुनी अनुक्रमणिका जुन्याच पानाकडे बोट दाखवत राहते. या पद्धतीला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. स्नॅपशॉट फक्त वाचता येतो. त्यावरून लिहिता येईल अशी वेगळी प्रत बनवली की झाला क्लोन. झेडएफएस या फाईल सिस्टीममध्ये या दोन्ही कामांसाठी एकेक कमांड पुरते.

हीच युक्ती तुमच्या खिशातही असू शकते. अँड्रॉइड ११ पासून आलेल्या 'व्हर्च्युअल ए/बी' पद्धतीत सिस्टीम अपडेटचे बदल आधी स्नॅपशॉटमध्ये बाजूला लिहिले जातात. फोन नव्या सिस्टीमवर नीट सुरू झाला तरच ते कायमचे मिसळतात, नाहीतर फोन जुन्या सिस्टीमवर परत येतो.

डेटाबेस चालू असताना स्नॅपशॉट घेतला तर अर्धवट व्यवहारांचं काय? पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी 'वॉल' नावाच्या लॉगमध्ये लिहितो आणि मग मूळ फाईलमध्ये. स्नॅपशॉट म्हणजे त्याच्या दृष्टीने त्या क्षणी लाईट गेल्यासारखं आहे. क्लोन सुरू केला की तो लॉग वाचून स्वतःला सावरतो. अट एकच, पण कडक: डेटा आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट नेमका एकाच क्षणी हवा. दोन सेकंदांचा फरकही चालत नाही.

इथपर्यंत तंत्र झालं. माझ्या मते खरी जबाबदारी इथून पुढे सुरू होते, कारण क्लोनमध्ये खरी माणसं आहेत. क्लोनवर ॲप सुरू केलं आणि त्याची एसएमएस सेवा चालू राहिली, तर 'तुमची ऑर्डर रद्द झाली' हा टेस्टचा मेसेज खऱ्या ग्राहकाच्या फोनवर जाईल. टेस्टचा मेल बाहेर गेल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल #१' अशा विषयाचा मेल गेला होता. (तिथे क्लोनचा संबंध होता असं मी म्हणत नाही.) त्यावर लोक हसले. पैसे कापल्याचा मेसेज असता तर कुणी हसलं नसतं. म्हणून क्लोनच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारं नेटवर्क आधी बंद करायचं, मगच डेटाबेस सुरू करायचा.

दुसरं काम मास्किंगचं, म्हणजे खरी नावं आणि नंबर बदलून खोटे टाकण्याचं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मास्किंगमध्ये जवळपास प्रत्येक ग्राहकाची नोंद बदलते, त्यामुळे तितकी पानं नव्याने लिहिली जातात आणि क्लोन फुगतो. म्हणून मास्किंग एकाच क्लोनवर करायचं, त्याचा पुन्हा स्नॅपशॉट घ्यायचा आणि सगळ्या टीमला क्लोन त्यावरून द्यायचे. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पोस्टग्रेसमध्ये अपडेट केल्यावर जुनी नोंद लगेच पुसली जात नाही. क्वेरी मारली तर खोटा नंबर दिसतो, पण फाईलमध्ये खरा नंबर तसाच पडून असतो. 'व्हॅक्यूम फुल' चालवून टेबल नव्याने लिहून घ्यावं लागतं. शिवाय मूळ स्नॅपशॉटमध्ये खरा डेटा असतोच, त्यामुळे डेव्हलपरला फक्त डेटाबेसचं लॉगिन द्यावं, डिस्कचं नाही.

हा काटेकोरपणा कुणाला जास्त वाटेल. पण आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि क्लोन वेळेवर उडवायलाही हवेत. झेडएफएसमध्ये एखादा क्लोन जिवंत असेपर्यंत त्याचा मूळ स्नॅपशॉट डिलीट होत नाही. समजा तुम्ही आज तुमचं अकाउंट कायमचं बंद केलं. प्रॉडक्शनमधून तुमचा नंबर गेला, पण कुणीतरी तीन महिन्यांपूर्वी टेस्टिंगसाठी घेतलेला क्लोन विसरून गेलं असेल, तर त्या जुन्या स्नॅपशॉटमध्ये तुम्ही अजून आहात. आमच्या टीममध्ये प्रत्येक क्लोनला सात दिवसांची मुदत असते. आठव्या दिवशी स्क्रिप्ट तो विचारत न बसता उडवते.