एक प्रसंग, दोन भाषा

वर्ध्यासंबंधी काही लिहा, असे संपादकांनी फर्मावले तेव्हा सेवाग्रामच्या कुटीचे वर्णन यावे अशीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु १९३६ साली ज्या शहरात हिंदीच्या प्रसारासाठी राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, त्या शहरात बसून मला राहून राहून आठवतो तो त्यानंतर दोनच वर्षांनी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट.

कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. देशभक्त जटाशंकराचे व्याख्यान ऐकून औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याचा निर्धार करतो, नट्यांच्या तसबिरी फेकून देतो, व्यायामाचे साहित्य आणतो, आणि किशोरीच्या आगमनासरशी त्या निर्धाराचे बारा वाजतात. किशोरी झालेल्या मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखाने उडालेला गहजब सर्वश्रुत आहे. माझे कुतूहल निराळे. एका भाषेतील चित्रावर दुसरीचा आवाज बेमालूम बसविणे तेव्हा सुलभ नसल्यामुळे तोच देखावा, तीच दिव्यांची मांडणी कायम ठेवून प्रसंग एकदा मराठीत व पुन्हा हिंदीत चित्रित करण्याचा रिवाज होता. भिजलेल्या नायिकेला दुसऱ्या भाषेसाठी पुनश्च कोरडे करावे लागत असेल काय, हा प्रश्न मला अजून सोडीत नाही! आणि विनोद तर अश्रूंहूनही हट्टी. मराठीत ज्या शब्दावर हशा पिकतो, तो हिंदीत क्रियापदाच्या आड दडून बसतो.

रोमच्या चिनेस चित्रशाळेतही हाच खटाटोप चालला होता. टंकलेखिका आणि बँकेचा डायरेक्टर यांच्या प्रेमाची ‘ला सेग्रेतारिया प्रिवाता’ ही १९३१ ची एल्सा मेर्लिनीची सुखान्तिका म्हणजे एका जर्मन बोलपटाची इटालियन आवृत्ती. तेथील नेपथ्यकार गास्तोने मेदीन यांच्या आधुनिक वळणाच्या दालनांत कोणत्याही मुलखाची भाषा बेलाशक नांदावी. औदुंबराचे जग तसे नव्हे. व्याख्याने, व्यायाम आणि तात्पुरते वैराग्य यांनी भरलेले ते घर अस्सल मराठी असल्यामुळे हिंदीला तेथे पाहुणी म्हणूनच वावरावे लागले असणार, असे माझे मत आहे.

चिंता आहे ती अशा जुन्या बोलपटांच्या फितींची. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही, आणि पेटली नाही तरी उष्म्याने आपोआप कुजणारी. चिनेसची ती चित्रशाळाही १९३५ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. वर्ध्याचा उन्हाळा तर ठाऊकच आहे. तेव्हा कोणाच्या माळ्यावर जुन्या रिळांचे डबे किंवा गाण्यांच्या पुस्तिका पडल्या असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत आणि डबा दिव्याजवळ उघडून पाहू नये. पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेथे आधी पत्र टाकावे.