रोहिताचे छायाचित्र कसे तपासाल?

हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरेवालेही. जायकवाडी धरणाचा हा जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे छायाचित्रे निघतात पुष्कळ, पण ती पाहताना "वा, छान!" यापलीकडे कोणी बोलत नाही. छान का, आणि फसले असेल तर कशामुळे, याचे उत्तर बरेचसे तुमच्या प्रकाशाच्या धड्यातच आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ही कला जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली आलेल्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने पुढे कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये लंडनला निघालेल्या एका संग्रहात त्याने टिपलेल्या वास्तू आहेत, तसेच वन्य प्राणीही आहेत. मात्र हे प्राणी शिकार केलेले! त्या काळी ओल्या रसायनाची काचपट्टी काही सेकंद उघडी ठेवावी लागे. गणित करून पाहा. दर सेकंदाला १० मीटर वेगाने उडणारा पक्षी ४ सेकंदांत ४० मीटर जाईल. पट्टीवर उमटेल तो फार तर एक धूसर पट्टा. लेणी हलत नाहीत म्हणून त्यांचे चित्र सुरेख येते. आज १/१००० सेकंदात तोच पक्षी केवळ १ सेंटिमीटर सरकतो. म्हणून पंख पुसट दिसले, तर पहिला संशय उघडझापेच्या वेळेवर घ्यावा.

आता अंतर. समजा, १.५ मीटर उंचीचा रोहित १५० मीटरांवर उभा आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर ३०० मिलिमीटर आहे. प्रतिमेची उंची किती? १.५ × ०.३ ÷ १५०, म्हणजे ३ मिलिमीटर. चौकटीची उंची २४ मिलिमीटर असेल, तर पक्षी तिचा आठवा हिस्सा व्यापेल. अनेकांना हे अपुरे वाटते आणि ते पुढे सरकू लागतात. माझ्या मते येथेच खरी परीक्षा आहे.

रोहित खाताना मान खाली घालून, चोच पाण्यात उलटी धरून, चिखलपाण्यातले बारीक जीव गाळून घेतो. चित्रातल्या बहुतेक पक्ष्यांच्या माना ताठ असतील आणि सारे एकाच दिशेला निघालेले असतील, तर ते बिचकलेले असण्याचा संभव मोठा. मुद्दाम होडी घालून उडविलेल्या थव्याचे चित्र गुलाबी पंखांमुळे डोळ्यांत भरते खरे, पण त्यासाठी पक्ष्यांचे खाणे मोडलेले असते आणि साठविलेली शक्ती फुकट गेलेली असते. असे चित्र मी तरी पहिल्या क्रमांकाला बसविणार नाही. चिमुकल्या रोहितांसह पसरलेला पाणथळ किनारा मला अधिक आवडतो. पक्षी कोठे राहतो ते त्यात कळते.

पांढऱ्या पिसांचीही एक गंमत आहे. समोरचे दृश्य सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, असे कॅमेऱ्यातला साधा प्रकाशमापक धरून चालतो. चौकटभर बगळा असला की तो बगळ्यालाही करडा करून टाकतो. उलट, काळोख्या पाण्यात बगळा लहानसा असेल, तर मापक पाण्याला उजळायला जातो आणि पिसांचा तपशील पार पांढरा होऊन जातो. दोष वेगळे, कारण मात्र एकच.

निसर्गदृश्यांसाठी लांब जायला नको. देवगिरीचा किल्ला दुरून, एकाच जागेवरून, सकाळी, भर दुपारी आणि पाऊस पडून गेल्यावर टिपा. तिन्ही चित्रे शेजारी ठेवून किल्ल्याचा सर्वांत गडद भाग जवळच्या झाडाच्या सावलीशी ताडून पाहा. मधल्या हवेतील धूळ आणि बाष्पकण प्रकाश विखुरतात, त्यामुळे दूरचा काळा रंग फिका पडतो. कोणत्या वेळी किती फिका पडला, ते वहीत नोंदवा आणि वर्गात त्यावर वाद घाला.