घुमा, शिष्ट की अंतर्मुख?

कमी बोलणाऱ्या माणसाला हिणवायला मराठीत शब्दांची वाण नाही: घुमा, एककल्ली, मुखदुर्बळ, आखडू, माणूसघाणा. या शब्दांची अडचण अशी, की ते निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. लाजाळू माणसाला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने त्याची जीभ रेटत नाही. अंतर्मुख माणसाला अशी धास्ती असेलच असं नाही. त्याला मोठ्या घोळक्यापेक्षा एकदोघांशी निवांत बोलणं किंवा एकट्याने काम करणं मानवतं. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं, की लाजाळूपणा आणि माणसांत मिसळण्याची ओढ ही दोन वेगळी मापं आहेत, आणि ज्यांच्यात दोन्ही भरपूर असतात त्यांची घालमेल सर्वांत जास्त होते. तिसरी गोष्ट म्हणजे सामाजिक भयगंड. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाला सरसकट ‘जरा बोलका हो’ असं सांगताना आपण या तिन्हींतलं त्याचं नेमकं काय आहे, हे पाहतच नाही.

दुसरा गैरसमज अलीकडचा आहे आणि तो अंतर्मुखांच्या बाजूने बोलणारेच पसरवतात. माणसांत गेलं की अंतर्मुख थकतो आणि बहिर्मुख ताजातवाना होतो, जणू प्रत्येकाच्या पाठीला वेगळ्या जातीची बॅटरी लावलेली आहे, असं ते सांगतात. कार्ल युंगने १९२१ च्या ग्रंथात या दोन प्रवृत्ती मांडल्या खऱ्या, पण आजचं मानसशास्त्र त्यांना दोन जाती मानत नाही. ती एकच पट्टी आहे आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात असतात. २०१७ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की उत्साहाने बोलण्या-वागण्यात त्या वेळी बरं वाटतं, पण साधारण तीन तासांनी थकवा जाणवतो, आणि तो अंतर्मुख-बहिर्मुख असा भेद करत नाही. एकटेपणाची आवडही केवळ अंतर्मुखतेवरून ठरत नाही. २०२२ च्या एका संशोधनात एकांताकडे आपखुशीने कोण वळतं याचं उत्तर अंतर्मुखतेत सापडलंच नाही. दबावाशिवाय, स्वतःच्या मनाने वागण्याची वृत्ती महत्त्वाची ठरली. म्हणजे विसावा ही काही मोजक्या हळव्या लोकांना द्यायची सवलत नव्हे. लग्नघरात चार दिवस सगळ्यांना हसवत फिरणाऱ्या मामालाही तो हवा असतो, फक्त त्याला तसं कोणी विचारत नाही.

तरीही मनात एक आक्षेप उरतोच: स्वतःसाठी वेळ काढणं हा स्वार्थ आहे, आपली संस्कृती माणसं जोडणारी आहे. या आक्षेपाचं उत्तर छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर दगडात कोरलेलं आहे. अजिंठ्याचं बारावं लेणं हा इसवी सनापूर्वीचा विहार आहे. समोरची भिंत कोसळली असली तरी त्याची रचना स्पष्ट दिसते. मध्ये सगळ्यांचं चौरस दालन आणि तिन्ही बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. अरुंद दारातून वाकून आत गेलं, की दोन बाजूंना दोन दगडी ओटे दिसतात आणि उशाशी कोरून उंच ठेवलेला दगड. प्रत्येक खोलीचं दार दालनातच उघडतं. ज्यांनी हा डोंगर फोडला त्यांना माणसाला संघ आणि कोपरा दोन्ही लागतात हे ठाऊक होतं. संत एकनाथांच्या बाबतीत परंपराही हेच सांगते. आधी देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींची सेवा, मग शूलिभंजनच्या डोंगरावर एकांतात साधना, आणि त्यानंतर पैठणला सर्वांसाठी दार उघडं असलेला भरला संसार. त्या एकांताने त्यांना माणसांपासून तोडलं असं कोण म्हणेल?

‘हे सगळं ठीक, पण जगात बोलल्याशिवाय भागत नाही’ हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हा आपल्याकडचा अनुभवच आहे. मुलाखतीत बोलावं लागतं आणि ते शिकताही येतं. ऑस्ट्रेलियातल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला सांगितलं, तेव्हा सरासरीने त्यांची मनःस्थिती सुधारली. पण जे जास्त अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा जास्त आला आणि आपण आपल्यासारखे वागत नाही असं वाटत राहिलं. यावरून मी इतकंच म्हणेन: बोलकेपणा हे कौशल्य म्हणून जरूर शिकवा, चारित्र्याची कसोटी म्हणून लादू नका. शिवाय पुढारपण बोलक्यांचंच असतं हेही खरं नाही. अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीच्या दुकानांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचारी स्वतः पुढाकार घेत होते, तिथे बोलक्या व्यवस्थापकांच्या दुकानाचा नफा उलट कमी होता.

जागेचा प्रश्न जास्त खरा आहे. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर कोपरा कुठून आणायचा? मराठवाड्यातल्या खेड्यांतून स्पर्धा परीक्षांसाठी शहरात आलेली मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेतली एक खुर्ची घेतात, तिथे शांतता मिळते, पण ती परीक्षेच्या ओझ्याखालची. तिला विसावा म्हणता येत नाही. घरातल्या बाईने तर अर्धा तास दार लोटून घेतलं तरी ‘काय गं, डोकं दुखतंय का?’ असं विचारलं जातं. थकायचं तर आजारी असावं लागतं. पण बाराव्या लेण्यात एका खोलीत दोन ओटे आहेत, हे विसरू नये. तिथला निवांतपणाही वाटून घेतलेलाच होता. कोपरा म्हणजे स्वतंत्र खोलीच हवी असं नाही. या अर्ध्या तासात तिला कोणी हाक मारायची नाही, एवढं घराने कबूल करणं पुरे. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती ज्याला सेल्फ-केअर म्हणतात त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे आणि मिळायला कितीतरी अवघड.

एक धोका मात्र खराखुरा आहे. पूर्वी मित्रांत रमणारा मुलगा आठवडेच्या आठवडे दार लावून बसू लागला, झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टींतही त्याचं मन लागेना, तर ‘तो अंतर्मुखच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. स्वभाव लहानपणापासून सोबत असतो, असा अचानक पालटत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. एकांत आणि अबोला यांतला फरक जुन्या भिक्षुसंघालाही ठरवावा लागला होता. विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या महावग्गात ती हकीकत आहे. कोसलातल्या काही भिक्षूंनी भांडण नको म्हणून वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एकमेकांशी अक्षरही न बोलता, खुणांवर काढले आणि मोठ्या समाधानाने ते बुद्धांना सांगायला आले. बुद्धांनी त्यांना शाबासकी दिली नाही, तुम्ही गुराढोरांसारखे एकत्र राहिलात असं सुनावलं. मग नियम घालून दिला, की वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने संघापुढे बसून विचारावं: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल, तर मला सांगा.